साडेचारशे डाळिंबांची झाडलोट

आमच्या गंगापूरकडच्या भागात डाळिंबाच्या बागेला तेल्या लागला की लोक भेटायला येतात. घरात कुणी गेल्यावर येतात तसेच. गाडी फाटकाशी लावतात, ओट्यावर टेकतात, थोडा वेळ जमिनीकडे बघतात, नको नको म्हणत चहा घेतात आणि मग गुडघ्यावर हात देऊन उठतात. "चला, बघू तरी."

आणि मग बघतात. हाताने बघतात. पहिल्या झाडाचं डागी फळ दाबतात, तोडतात, फोडतात, नाकाशी नेतात, ओला हात शेजारच्या झाडाच्या पानांना पुसतात आणि त्याच झाडाचं चांगलं फळ तपासायला घेतात. पाच-सहा झाडं झाली की निकाल लागतो. "व्हय, तेल्याच हाय ह्यो." निघताना एक फळ रुमालात बांधून घेतात, औषधाच्या दुकानदाराला दाखवायला म्हणून. वाटेत आणखी एका दुःखी घरी थांबायचं असतं. तिथे ते फळ रुमालातून बाहेर येतं आणि तिथल्या फळाशेजारी धरून पाहिलं जातं, सोयरीक जमवायला बसल्यासारखं.

तेल्या हा जिवाणूंचा रोग. फळावर तेलाचा थेंब सांडावा तसा डाग दिसतो, तो काळा पडतो आणि फळ तडकतं. एकदा तडकलेलं फळ बाजारात कुणी हातात धरत नाही. वारा आणि पावसाचे शिंतोडे यांनी तो पसरतो, असं शेतकऱ्यांसाठी छापलेल्या पुस्तिकेत लिहिलेलं आहे. पुस्तिका लिहिणाऱ्यांचा आमच्या पाहुण्यांशी परिचय नसावा.

मी शहरात मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. बावीस वर्षं. रोज सकाळी यादी करते, संध्याकाळी तिच्यावर खुणा करते आणि खूण न झालेली कामं दुसऱ्या दिवशीच्या यादीत सगळ्यांत वर लिहिते. यावर घरचे हसतात. त्यांचे चष्मे, रेशनकार्डं आणि गॅसची पुस्तकं मलाच सापडतात, तेवढ्यापुरते थांबतात. शेतीशी माझा संबंध लग्नामुळे आला. आमची साडेचारशे डाळिंबं थोरल्या दिरांकडे असतात. माझ्या नवऱ्याला बागेतलं फक्त फळ कळतं, तेही सोलून वाटीत दिलं तर.

सातबाऱ्यावर नाव कुणाचंही असो, बाग जाऊबाईंची. मी त्यांना अक्का म्हणते. कलमं त्यांनी स्वतः निवडून आणली, पहिल्या उन्हाळ्यात विहीर आटली तेव्हा घागरीने पाणी घालून जगवली. कुठलं झाड दोनदा मरता मरता वाचलं, कुठल्या झाडाला पाण्याची नळी नीट पोचत नाही, हे त्यांना न बघता सांगता येतं. लिहिता-वाचता बेताचंच येतं, पण त्यांच्या डोक्यातली यादी माझ्या वहीपेक्षा जुनी आहे.

एका वर्षी पावसाळ्यातला बहर तेल्यात गेला. अर्धाअधिक माल तडकला. भेटायला येणाऱ्यांनी तीन आठवडे ओटा गरम ठेवला. ते संपल्यावर भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, एका रविवारी सगळ्यांसमोर निर्णय सांगितला.

"पुढच्या साली पावसाळ्यातला बहर धरायचाच नाय. झाडं पाणी तोडून ताणावर सोडायची, पावसाळा सरताना हस्ताचा बहर घ्यायचा. ह्यो शेवटचा. एक जरी डाग दिसला तर जेसीबी आणतो, बाग उपटतो अन् ऊस लावतो. उसाला कुणी भेटायला येत नाय."

अक्का भाकरी थापत राहिल्या. मी परत निघाले तेव्हा फाट्यापर्यंत सोबत आल्या आणि काळीपिवळी जीप भरेपर्यंत माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

"तू त्या पोरींचं हॉस्टेल चालवतीस नव्हं?"

"चालवते."

"किती पोरी?"

"एकशे ऐंशी."

"मंग ही साडेचारशे चालवून दाखव. ह्या तर रातच्या उंडारत बी नाहीत."

मी ती पुस्तिका मिळवून वाचली. फवारणीवर पानंच्या पानं होती. स्वच्छतेवर शेवटी अर्धं पान. भाऊजींच्या कपाटात हीच पुस्तिका आधीपासून होती. फवारणीची पानं हाताळून काळी झालेली, कोपरे दुमडलेले. शेवटचं अर्धं पान मात्र कोरंकरकरीत. आमच्याकडे बागेच्या स्वच्छतेचं नशीब असंच आहे. औषध विकत मिळतं, त्यामुळे त्याला मान आहे. झाडू घरातच असतो.

पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात, बहर धरायच्या आधी, मी दहा दिवसांची रजा टाकली आणि यादी घेऊन गेले.

पहिलं काम: झाडावर वाळून कोळसा झालेली जुनी फळं काढायची. वर्षभर ती तशीच लोंबत होती. भाऊजींचं म्हणणं, गळतील आपोआप. गळलेली काही जण ओढ्यात टाकत. आमच्या वरच्या अंगाचे शेजारी त्यांची फळं ओढ्यात टाकायचे, ती आमच्याकडे यायची. आमची पुढच्यांकडे जायची. इतका नियमित शेजारधर्म आमच्या गावात दुसऱ्या कशातही पाळला जात नाही.

दुसरं: खाली पडलेलं एकूणएक पान गोळा करून खड्ड्यात पुरायचं. आधी ती जाळायचा प्रयत्न केला. ओली पानं जळत नाहीत, नुसती धुमसतात. अर्धं गाव खोकलं आणि उरलेलं अर्धं काय झालं ते बघायला आलं. म्हणून खड्डा. कामाला चार बाया होत्या. झाडाखालची जमीन हाताने साफ करायची म्हटल्यावर त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. पानं झाल्यावर मी खोडाभोवती ब्लीचिंग पावडर टाकायला सांगितली, तेव्हा त्यांतली थोरली उभी राहिली.

"बाई, पावडर झाली. आता टिकली बी लावायची का झाडाला?"

"आधी पावडर सारखी लाव. इकडे गोरी, तिकडे सावळी झालीय."

त्या दिवशी काम हसत झालं आणि चांगलं झालं. हसणारी बाई पान सोडत नाही, हे मी वसतिगृहातही पाहिलेलं आहे.

तिसरं काम छाटणीचं. छाटणीची टोळी दरवर्षीचीच, शहराजवळच्या एका वस्तीतली. त्यांचे मुकादम साठीचे, पांढरी दाढी, हातात कैची आली की झाडाभोवती न्हाव्यासारखे फिरतात. चार बागांची छाटणी करून ते आमच्याकडे आले होते, त्याच कैच्या घेऊन. मी त्यांच्यासमोर जंतुनाशकाच्या पाण्याची बादली ठेवली आणि सांगितलं, एक झाड झालं की कैची यात बुडवायची, मगच पुढचं झाड.

ते बादलीकडे पाहत राहिले. "हर झाड कू?"

"हर झाड कू."

"साडेचारशे बार?"

"चौघं आहात. वाटून घ्या."

"बाई," ते टोळीकडे वळून म्हणाले, "मेरी पोती की शादी अब इसीच बाग में करनी पडती. मांडव टाकून ठेवा."

टोळी हसली. मला त्यांचं म्हणणं पटलंही होतं. कैची पाण्यात थोडा वेळ राहायला हवी आणि माणूस तेवढा वेळ उभा राहणार नाही. मी शहरातून आणखी चार कैच्या मागवल्या. प्रत्येकाला दोन. एक हातात, एक बादलीत. झाड बदललं की कैची बदलायची. वेळ एका मिनिटानेही वाढला नाही. मुकादमांनी दुपारपर्यंत तोंड वाकडं ठेवलं. पुढच्या महिन्यात मला कळलं की ते आता इतर बागांत सांगतात, आमची कैची धुतलेली असते, आमचा रेट वेगळा.

चौथं काम: छाटलेला काटा. डाळिंबाच्या फांदीला काटे असतात, म्हणून छाटलेल्या फांद्यांना आमच्याकडे काटाच म्हणतात. रोगट झाडाच्या फांदीत रोग महिनोन् महिने जिवंत राहतो. तेव्हा सगळा काटा ट्रॉलीत भरून लांबच्या मुरमाड पट्ट्यात न्यायचा, वाळवायचा, जाळायचा. ट्रॅक्टर भाऊजींचा, म्हणून हे काम भाऊजींकडे दिलं. आठ दिवसांनी मी फोनवर विचारलं, "भाऊजी, काट्याचं झालं का?"

"झालं."

मी खूण केली.

पाचवं काम सगळ्यांत अवघड होतं, माणसांचं. फाटकाशी पत्र्याचा मोठा ट्रे ठेवला, त्यात गोणपाट, त्यावर जंतुनाशकाचं पाणी. बागेत शिरणाऱ्याने चपला त्यात बुडवायच्या, शेजारच्या नळावर साबणाने हात धुवायचे आणि वहीत लिहायचं: नाव, गाव, आज आधी कुणाच्या बागेत जाऊन आलात. तिसऱ्या रकान्यात पहिल्या महिनाभरात सगळ्यांनी एकच उत्तर लिहिलं. 'घरून.' माझ्या वसतिगृहातल्या मुलीही सुट्टीवरून परतताना एवढं एकसारखं खोटं लिहीत नाहीत.

आमच्या सासूबाईंच्या माहेरचे एक पाहुणे आहेत. त्यांची स्वतःची डाळिंबाची बाग तेल्याने मुळापासून गेली, आणि तेव्हापासून ते तेल्यातले तज्ज्ञ आहेत. ज्याची बाग वाचली त्याला आमच्याकडे नशीबवान म्हणतात. ज्याची गेली त्याला अनुभवी. ते फाटकाशी आले, ट्रेकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्ये काय? मी काय जनावर हाय का पाय बुडवाया?"

अक्का नळाशी कळशी भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जनावर असता तर अडवलंच नसतं, दाजी. जनावर फळं चाचपत नाय."

पाहुण्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि ट्रेवरून उडी मारून अनवाणी आत आले. पायांची धूळ घेऊन. अक्कांनी कळशीतलं पाणी सरळ त्यांच्या पायांवर ओतलं, नंतर जंतुनाशकाचं. पाद्यपूजा समजून त्यांनी ती करून घेतली असावी, कारण पुढे गावभर सांगितलं की धाकट्या सुनेनं घराचा दवाखाना केलाय, पण थोरलीला अजून रीतभात आहे.

भाऊजी या सगळ्याकडे ओट्यावरून बघत. त्यांनी मला कधी अडवलं नाही. फक्त रविवारी संध्याकाळी चष्मा लावून वही वाचायचे, पहिल्या पानापासून शेवटच्या नोंदीपर्यंत, आणि मिटून ठेवायचे. वहीच्या मागच्या बाजूला मी दर रविवारी येऊन बागेची पाहणी लिहीत असे. तारीख, जागा, काय दिसलं, कारण, काय केलं. 'काय दिसलं' या रकान्यात दहा आठवडे मी 'काही नाही' लिहिलं. तेवढा एक रकाना सोडला तर त्यांना कशातच रस नव्हता. एक डाग म्हणजे जेसीबी. ते ही गोष्ट पुन्हा बोलले नाहीत आणि विसरलेही नाहीत.

फुलं चांगली लागली. फळं धरली. दसऱ्यानंतर मेंढ्या आमच्या भागात उतरल्या तेव्हा पूर्वेच्या बांधावर काट्याचं दणकट कुंपण उभं होतं. ते बघून मी भाऊजींना म्हणाले, "कुंपण छान केलंत हो." माझ्या आयुष्यात मी जी काही बावळट वाक्यं बोलले त्यांत या वाक्याचा नंबर बराच वर लागेल.

डिसेंबरच्या सुरुवातीला दोन दिवस अवकाळी पाऊस झाला, वाऱ्यासकट. त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी मी जीपमधून उतरले तर अक्का फाट्यावरच उभ्या होत्या. एवढ्या लांब त्या मला सोडायला येतात, घ्यायला कधी येत नाहीत. मला सरळ बागेत नेलं. ट्रेमध्ये पाय बुडवायला मात्र विसरल्या नाहीत.

पूर्वेच्या बांधालगतची पहिली रांग, सातवं झाड. लिंबाएवढं फळ, आणि त्यावर मसुरीएवढा तेलकट डाग. शेजारच्या चार पानांवर आणखी.

मी ते झाड, त्याच्या आजूबाजूची झाडं, पुढची रांग, सगळं पाहिलं. बाकी कुठे काही नव्हतं. मला कळेना. पाहुणे या कोपऱ्यात येत नाहीत, चहापासून फार लांब आहे. पानं वेचलेली, कैच्या धुतलेल्या. यादीतल्या एकूणएक कामावर खूण होती.

तेवढ्यात बांधापलीकडून हाक आली. धनगराच्या मेंढ्या पडीक रानात उतरलेल्या होत्या, आणि त्यांच्यातली एक बाई विहिरीचं पाणी मागायला आली होती. माझ्याच वयाची, कडेला कोकरू.

"पानी घिऊ का, बाई?"

"घ्या की. फक्त बागेतून येऊ नका, बाहेरून या."

"बागंतून कशाला येऊ? तुमचं फाटक धुवायाच बसवतंय म्हनं समद्यांस्नी." ती हसली आणि कुंपणाकडे मान करून म्हणाली, "आमास्नी अडवाया लई मोठा काटा लावलाय मालकानी. पर आमचं मेंढरू त्याला तोंड बी लावत न्हाई. काळा पडलेला हाय समदा. बाभळीचा आसता तर त्येचा पाला तरी खाल्ला आसता."

मी कुंपणाजवळ गेले. बाभळीच्या फांद्या कोयत्याने तोडतात, त्यांची टोकं ठेचलेली असतात. या फांद्यांची टोकं तिरकी, गुळगुळीत, एका झटक्यात कापलेली होती. धुतलेल्या कैचीने. मुकादमांचं काम किती सुबक आहे ते मला तिथे पहिल्यांदा नीट दिसलं. पेरांवर काळे वेढे, तेल्याचेच. आमच्याच बागेचा, आमच्याच रोगाचा काटा, पहिल्या रांगेपासून चार हातांवर, बांधाच्या पूर्ण लांबीत रचून ठेवलेला. पाऊस त्याच्यावर पडला आणि वाऱ्याने शिंतोडे आत आणले. पाहुण्यांनासुद्धा हे इतकं पद्धतशीर जमलं नसतं.

आमच्याकडे काटा जाळणं म्हणजे पाप. दरवर्षी छाटणी होते, दरवर्षी तोच काटा बांधावर जातो. वडिलांनी केलं, त्यांच्या वडिलांनीही केलं असेल. भाऊजींनी मला खोटं सांगितलं नव्हतं, असं ते स्वतः आजही म्हणतील. मी 'झालं का' विचारलं, आणि त्यांच्या मते काट्याचं जे व्हायचं ते झालं होतं. मी पलंगाखाली वाकून इस्त्री आणि हीटर शोधणारी बाई. एखादी मुलगी 'झालं' म्हणाली की तिचा शब्द संपायच्या आत मी खोलीत असते. पण थोरल्या दिरांनी केलेलं काम धाकट्या भावजयीने जाऊन तपासायचं, हे माझ्या कुठल्याच यादीत बसलं नव्हतं.

अक्का बांधावर बसल्या होत्या. डागी फळ त्यांनी पिशवीत काढून घेतलं होतं.

"लिहू नको," त्या म्हणाल्या.

"अक्का, वहीत खोटं नाही लिहिता येणार मला."

"खोटं लिही कुठं म्हनले? लिहू नको एवढंच म्हनले. फळ काढलं मी. पानं बी काढते. दिसलंच नाय कुणाला."

"आणि पुढच्या रविवारी आणखी चार दिसले तर? हा काटा इथंच राहणार, आणि का जाळायचा ते त्यांना सांगताही येणार नाही."

"सांगितलं तर आजच बोलवतील जेसीबी."

त्या रडल्या वगैरे नाहीत. सातव्या झाडाकडे बघून म्हणाल्या, "ह्ये झाड दोन्दा वाळलं होतं. मी नख लावून लावून बघायचे, हिरवं हाय का आत."

मी वही काढली, गुडघ्यावर ठेवली आणि लिहिलं. बावीस वर्षांत एवढ्या वेळा पेन थांबलं नसेल. जागा: पूर्व बांध, पहिली रांग, सातवं झाड. काय दिसलं: तेल्या, एक फळ, चार पानं. कारण: छाटणीचा रोगट काटा जाळला नाही, कुंपणाला लावला. काम कुणाकडे होतं: भाऊजी. बघून खात्री कुणी करायची होती: मी. केली नाही.

'काय केलं' हा रकाना मोकळा ठेवला. अक्कांना वाचून दाखवलं. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग उठल्या, धनगरणीशी काहीतरी बोलल्या आणि घराकडे चालायला लागल्या.

संध्याकाळी भाऊजींनी चष्मा लावला. नेहमीप्रमाणे पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. आम्ही दोघी समोर मेथी निवडत होतो आणि एकच काडी दहा वेळा निवडत होतो. ते शेवटच्या नोंदीवर आले. पुन्हा वाचलं. वहीचं पान उलटून मागे काही आहे का तेही पाहिलं.

"ह्ये कुणी सांगितलं, कुंपण आपल्या काट्याचं हाय म्हणून?"

"मी बघितलं, भाऊजी. कैचीचे काप आहेत."

"जाळायचाच होता मी. वाळू देत होतो."

"उभा करून? बांधभर?" अक्का म्हणाल्या.

"मंग मेंढरं घुसली असती आत, ते चाललं असतं का?"

"मेंढरांचं बघितलंय मी. पल्याडच्या कापसाच्या रानात बसवा म्हनले त्यांस्नी आठ दिस. पाला खातील, लेंड्या टाकतील. हिकडं फिरकायची नाहीत."

"मला न विचारता?"

"तुम्ही काटा लावला तवा मला विचारलं होतं?"

भाऊजींनी चष्मा काढला. घडी केली, उघडला, पुन्हा घडी केली. "मी शब्द दिला होता. एक डाग दिसला तर बाग काढीन."

"काढा की." अक्कांचा आवाज भाजीवाल्याशी बोलतानाचा होता. "उद्याच बोलवा त्याला. पर बाग उपटली म्हनल्यावर लोक भेटायला येनार. तुमचे दाजी पयले येतील. ओट्यावर बसून इचारतील, एवढी निगा केली, एवढे पाय धुतले, मंग बाग गेली कशानं? मला कुठं बोलता येतं एवढं. मी आपली वही फुडं करीन. त्यांस्नी वाचता येतंय."

मेथी निवडण्याचा आवाज होत नाही, पण त्या संध्याकाळी झाला असावा. भाऊजी उठून बाहेर गेले. फोन कानाला लावलेला दिसला तेव्हा अक्कांच्या हातातली जुडी खाली पडली. ते ट्रॅक्टरच्या डिझेलबद्दल विचारत होते.

सोमवारी मी रजा घेतली. भाऊजींनी स्वतः हातमोजे घालून कुंपण उपसलं. जमिनीवर ताडपत्री अंथरून, एक काटकीसुद्धा वाटेत पडू न देता, मुरमाड पट्ट्यात नेऊन पेटवलं. यावेळी मी तिथे उभी होते, राख होईपर्यंत. त्यांना ते आवडलं नाही. मलाही आवडलं नाही. उभी राहिले.

अक्कांनी पहिल्या रांगेतलं प्रत्येक फळ काढलं. डागी नसलेलंही. मी म्हणाले, सातव्याच्या आजूबाजूची चार झाडं पुरेत. त्या म्हणाल्या, "माझी शंका तुझ्या वहीत बसत न्हाई," आणि तीस झाडं रिकामी केली. हिरवी, गोल, एकही खोट नसलेली फळं पिशव्यांत भरून खड्ड्यात गेली. कुणालाही त्यांनी हात लावू दिला नाही. खड्डा बुजवून झाल्यावर नळाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि तसेच ओले ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या.

त्यानंतरच्या रविवारी दुसऱ्या रांगेत दोन फळं निघाली. लिहिली. काढली. 'काय केलं' रकान्यात यावेळी अक्षर भाऊजींचं होतं. पुढचे सगळे आठवडे 'काही नाही'. मार्चअखेर माल निघाला, आणि व्यापाऱ्याने फळ हातात फिरवून "क्या सफाई है" म्हटलं, ते सालीबद्दल.

मग श्रेयवाटप झालं. औषधाच्या दुकानदाराने बागेचा फोटो दुकानात लावला. त्याच्या मते हे त्याच्या शेवटच्या फवारणीचं काम. तज्ज्ञ पाहुण्यांच्या मते हस्ताच्या बहराला तेल्या येतच नाही, ते तर त्यांनी आधीच सांगितलं होतं. मुकादम म्हणाले, "कैची का कमाल है, बाई." भाऊजी ओट्यावर बसून बघायला आलेल्यांना सांगत, "स्वच्छता हाय आमच्याकडं पहिल्यापासून. काटा तर आम्ही बांधावर ठेवतच नाय." मी आत चहा गाळत होते. गाळत राहिले.

माल निघाल्यावर झाडं विश्रांतीला सोडली आणि झाडलोटीचा नवा हंगाम सुरू झाला. एप्रिलच्या एका सकाळी मी पोचले तर भाऊजी डोक्याला उपरणं बांधून चौथ्या रांगेत पानं वेचत होते आणि कंबर धरून कुरकुरत होते. अक्का टोपली घेऊन त्यांच्या मागे चालत होत्या. ऊस हा शब्द कुणी काढत नव्हतं. पुढच्या बहराला गोणपाट नवीन लागेल, ट्रे गंजलाय, एवढंच भाऊजी मला म्हणाले, जणू मीच तो गंजवला होता.

"ह्या झाडाखाली राहिली की पानं," अक्का मागून म्हणाल्या.

"वेचली मी तिथली."

"चार हायेत."

"चार पानांनी काय व्हतंय गं?"

अक्कांनी टोपली जमिनीवर ठेवली आणि भाऊजींनी वाकण्याची वाट बघत उभ्या राहिल्या.